विचारलं तकदिरीबद्दल, उत्तर आहे कसबात

खानापूरहून प्रश्न आलाय: ‘नशीब, किस्मत, तकदीर यांत फरक काय? इस्लामात सगळं तकदिरीवर सोपवलेलं असतं, म्हणून हे शब्द तिकडून आले का?’

फरक सोपा आहे. मुळात अरबीत नशीब म्हणजे वाटा, किस्मत म्हणजे वाटणी, तकदीर म्हणजे माप ठरवून देणं. ‘कदर’ आणि ‘कुदरत’ तकदिरीच्याच कुळातले.

‘सगळं सोपवलेलं’ हे मात्र आपल्या भागात उठताबसता ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. माणसाला मिळतं ते त्याच्या धडपडीचं, असं कुराणातच आहे (५३:३९). ‘कदरिया’ नावावरून दैववादी वाटतात, पण तो पंथ होता माणसाच्या कर्तृत्वाच्या बाजूचा. माणसाच्या हाती काहीच नाही म्हणणारे ते ‘जबरिया’. हे नाव ‘जब्र’वरून, म्हणजे सक्तीवरून. आपली जबरदस्ती मात्र त्यातली नव्हे, ती फारसी ‘ज़बरदस्त’मधली, म्हणजे ज्याचा हात वर तो. (कादरी वेगळे. तो अब्दुल कादिर जीलानींचा सूफी सिलसिला, म्हणजे गुरुपरंपरा.)

पण या वादातला खरा मोलाचा शब्द आहे कसब! बसऱ्याचे इस्लामी धर्मशास्त्रज्ञ अल-अशअरी (मृत्यू इ.स. ९३५-३६) यांनी मांडलं की कृती निर्माण करतो अल्लाह, माणूस तिचं ‘कस्ब’ करतो, म्हणजे ती कमावतो, म्हणून जाब त्यालाच. शब्द कुराणातलाच (२:२८६). विरोधक विचारत, कृती करण्याची ताकदही अल्लाहचीच, तर माणसानं कमावलं काय? मुद्दा इतका नाजूक की ‘अशअरीच्या कस्बाहून सूक्ष्म’ अशी अरबीत म्हणच पडली.

तेच कस्ब आज बेळगावच्या वडगाव-खासबागेतल्या विणकराच्या हातात आहे. मराठीत कसब म्हणजे हातोटी, शेजारच्या कन्नडात ‘कसुबु’ म्हणजे धंदा, ‘कुलकसुबु’ म्हणजे पिढीजात धंदा. शब्द मूळचा कुणाचा यावर मराठी-कानडी भांडण नको, दोघांनीही तो बाहेरूनच घेतलाय. कन्नडानं कमाई राखली, मराठीनं कमावलेली हातोटी. माझ्या मते मराठी अर्थ अशअरींना जास्त जवळचा, कारण हातोटी जन्मजात नसते, ती आपलीशी करावी लागते.

‘कसाला लागतं ते कसब’ असं सांगणाऱ्या हौशी व्युत्पत्तिकारांनी आता थांबावं. तो कस संस्कृत ‘कष’चा, कसोटीच्या दगडाचा. ‘कसबा’ आणि जरीचा ‘कसब’ हेही वेगळ्या अरबी मुळाचे. अरबीत त्यांचा क आणि स दोन्ही निराळे, देवनागरीत मात्र सगळ्यांना एकच क, एकच स. घोळ तिथून सुरू होतो.