ऑडिट झालं, बिल तिथंच

प्रश्न : नमस्कार सर, मी एका मध्यम कारखान्यात मेंटेनन्स बघतो. कायद्यानं एनर्जी ऑडिट (ऊर्जा कुठं किती जाते याची तपासणी) सक्तीचं आहे म्हणून आम्ही ते करतो, वार्षिक फॉर्मही वेळेत भरतो. आतापर्यंत दोन ऑडिट झाली, दोन्ही रिपोर्ट कपाटात. पूर्वी महिन्याला साधारण ५०० टन माल निघायचा तेव्हा १,४०,००० युनिट जायचे, आता १,००० टन निघतो आणि २,२०,००० युनिट जातात. फॉर्ममध्ये टनामागचा वापर २८० वरून २२० झालेला दिसतो, म्हणजे २१ टक्के सुधारणा, साहेब खूश! पण खरं सांगू का, आम्ही साधी एक ट्यूबसुद्धा बदललेली नाहीये. मग ही बचत आली कुठून? आणि खरी करायची तर सुरुवात कुठं करू?

उत्तर : बचत झालेलीच नाहीये, तुमचा संशय शंभर टक्के बरोबर. जास्तीच्या ५०० टनांना ८०,००० युनिट लागले, म्हणजे टनाला १६०. या हिशोबानं आधीच्या ५०० टनांनाही ८०,००० च पुरायला हवे होते पण गेले १,४०,०००, तर मग मधले ६०,००० कुठं गेले? ते माल निघो न निघो जातच असतात, आधीही जायचे आणि आत्ताही जातायत, फक्त आता ते दुप्पट टनांवर वाटले गेले म्हणून सरासरी खाली आली, बस. आणि उद्या ऑर्डरी कमी झाल्या की हाच आकडा वर जाईल, तेव्हा तुम्ही खरंच काहीतरी वाचवलेलं असलं तरी फॉर्ममध्ये तुम्ही नापास. म्हणून मी टनामागे युनिट या एकट्या आकड्यावर कधीच विश्वास ठेवत नाही.

अर्थात दोन आकड्यांवरून काढलेली रेघ म्हणजे अंदाजच. मागच्या २४ महिन्यांचे टन आणि युनिट काढा (फॉर्म भरताना गोळा केलेलेच आहेत, नवीन काही करायचं नाही) आणि एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर टन, उभ्यावर युनिट असे ठिपके टाका. त्यांच्यातून जाणारी रेघ उभ्या अक्षाला जिथं कापते तो तुमचा बसून खाणारा लोड.

६०,००० युनिट म्हणजे महिन्याच्या ७२० तासांत भागले तर रात्रंदिवस ८३ किलोवॅट! आता सुट्टीच्या दिवशी, सगळं बंद असताना स्वतः मीटरसमोर उभे राहा, तासाच्या अंतरानं दोन रीडिंग घ्या आणि मग पॅनलमधला एकेक फीडर (प्रत्येक विभागाला वीज नेणारी लाइन) बघत जा. रिपोर्ट १०० पानांचा असो, मला विचाराल तर या एका तासात जास्त कळतं.

माझी पैज कंप्रेसरवर, म्हणजे मशीनना दाबाची हवा पुरवणाऱ्या यंत्रावर. सुट्टीलाच त्याची टेस्ट पण करून टाका. हवा वापरणारी सगळी मशीन बंद, कंप्रेसर एकटा चालू, आणि हातात घड्याळ. समजा २ मिनिटं लोड (हवा भरतोय) आणि ६ मिनिटं अनलोड (नुसताच फिरतोय) असं चाललंय, तर ८ पैकी २, म्हणजे कंप्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा नुसती लिकेजमधून जातेय. हे काही अजब नाहीये, दुर्लक्षित प्लांटमध्ये २०-३० टक्के सर्रास सापडतं. ७ बार प्रेशरला ३ मिलिमीटरचं एक भोक साधारण ३-४ किलोवॅट खातं, आणि तो फुस्स आवाज ऐकून ऐकून आपल्या कानाला सवय झालेली असते. त्यात कुणीतरी कधीतरी लांबच्या एका मशीनला हवा कमी पडते म्हणून सगळ्या लाइनचं प्रेशर वाढवून ठेवलेलं असतं, १ बार जास्त म्हणजे ढोबळमानानं ७ टक्के वीज जास्त.

इथं माझी एक फजिती सांगतो. एका प्लांटमध्ये आम्ही महिनाभर खपून लिकेज बंद केली, आणि मीटरवर फरक जवळजवळ नाहीच! नंतर कळलं की दोन कंप्रेसरपैकी दुसरा आता दिवसभर अनलोड फिरत होता, आणि अनलोड स्क्रू कंप्रेसर एक थेंब हवा न देताही फुल लोडच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज ओढतो. तो बंद केला तेव्हा कुठं मीटर हललं. म्हणजे गरज कमी केल्यावर मशीनपण बंद करावं लागतं किंवा हळू चालवावं लागतं, हे रिपोर्टात एका ओळीत असतं आणि नेमकं तेच राहून जातं. पंखे आणि ब्लोअरचंही तेच, डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) अर्धा मिटून मोटर फुल स्पीडला ठेवण्यापेक्षा व्हीएफडीनं (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हनं) स्पीड ८० टक्के केला तर पंख्याला लागणारी पॉवर जवळपास निम्मी होते, कारण ती स्पीडच्या घनात कमी होते.

आता कपाटातल्या रिपोर्टचं. दोष ऑडिटरचा म्हणावा तर परचेसवाले सगळ्यात स्वस्त कोटेशन निवडतात आणि ऑर्डरमध्ये लिहितात काय, तर 'रिपोर्ट सादर करणे'. मग रिपोर्टच मिळणार ना! पुढच्या वेळी ऑर्डरमध्ये टाका की सुट्टीचा लोड मोजायचा, कंप्रेसरची लिकेज टेस्ट आमच्या माणसासमोर करायची आणि पेमेंटचा काही भाग काम झाल्यावर परत येऊन मोजून दाखवल्यावरच मिळेल. कायदेही हळूहळू तिकडेच चाललेत. युरोपियन युनियनच्या २०१२ च्या निर्देशात मोठ्या कंपन्यांना दर ४ वर्षांनी ऑडिट सक्तीचं होतं पण त्यातलं काही करायची सक्ती नव्हती, २०२३ च्या सुधारित निर्देशात मात्र ऑडिटवरून कृती आराखडाही बनवायला लावलाय.

आणि साहेबांकडे ४० शिफारशींची यादी नेऊ नका, दोनच न्या. प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव आणि आत्ताचं रीडिंग.

प्रश्न : आम्ही कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी किती खरंच कामी येतो त्याचं माप) ०.८५ वरून ०.९९ वर नेला. पेनल्टी गेली पण युनिट तेवढेच. फसवलं का आम्हाला?

उत्तर : नाही हो, फसवलं नाही. 'वीज वाचेल' असं सांगून विकलं असेल तर मात्र अर्धवट सांगितलं. कपॅसिटरनं करंट कमी होतो, पेनल्टी जाते, पण मोटरला जे काम करायचंय तेवढी वीज ती घेणारच. करंट कमी झाल्यानं केबलमध्ये तापून वाया जाणारं थोडं वाचतं, तेही फक्त कपॅसिटरच्या मागच्या, सप्लायकडच्या केबलमध्ये, म्हणजे तुम्ही तो मेन पॅनलला लावला असेल तर आतल्या केबलींना काहीच फरक नाही. पैसे वाचले ते खरेच आहेत, फक्त ते एनर्जी सेव्हिंगच्या रकान्यात लिहू नका.

प्रश्न : आयएसओ ५०००१ (ऊर्जा व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) घेतलं की हे सगळं आपोआप होतं का?

उत्तर : आपोआप काहीच होत नाही. पण २०११ च्या या स्टँडर्डची २०१८ ची आवृत्ती वाचाच, त्यात वापर सतत सुधारल्याचं दाखवावं लागतं आणि उत्पादनासारख्या गोष्टींचा परिणाम बाजूला काढून तुलना करायला सांगितलीय, म्हणजे वरच्या २१ टक्क्यांसारखी गंमत चांगल्या ऑडिटरपुढे चालायला नको. सर्टिफिकेट नंतर घ्या हवं तर, आधी सुट्टीच्या दिवशीचं ते रीडिंग घेऊन मला कळवा.