वाचक विचारतात : शांघायच्या बंडवर जाताना

ह्वांगपू नदीच्या पश्चिम काठावरचा शांघायचा ‘बंड’, म्हणजे चिनी लोकांचं वायतान, बघायला निघालेल्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही शांघायला आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आहेत. बंडची रोषणाई संध्याकाळीच बघायची असते म्हणतात, पण गर्दीचे व्हिडिओ बघून छातीत धडकी भरते. काय करावं? (नागपूर)

१ ऑक्टोबरपासूनचा आठवडा ही चीनची राष्ट्रीय दिनाची सुट्टी. अख्खा देश फिरायला बाहेर पडतो आणि त्यातले बरेच जण बंडवर येतात. तारखा आठ-दहा दिवस पुढे सरकवता आल्या तर सरकवा, निम्मा त्रास तिथेच संपेल. सरकवता येत नसतील तर आई-बाबांना पहाटे न्या.

गर्दी नेमकी कुठे तुंबते ते आधी समजून घ्या. बंडवर फिरायचा जो कट्टा आहे तो मुळात पूरभिंतीचा माथा आहे. तो रस्त्यापेक्षा बराच उंच असल्यामुळे खाली चौकात उभं राहिलं तर नदी दिसतच नाही, जिना किंवा उतार चढून वर जावंच लागतं. कट्टा सुमारे दीड किलोमीटर लांब आहे, तिथे माणसं पांगतात. जिन्यांवर पांगायला जागा नसते. त्यात ईस्ट नानजिंग रोड मेट्रो स्थानकातून निघालेला लोंढा सरळ रस्त्याने येऊन छन यी चौकापाशीच थडकतो. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री याच चौकातून कट्ट्यावर जाणाऱ्या जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकले आणि चेंगराचेंगरीत ३६ जणांचा जीव गेला. त्या वर्षीचा रोषणाईचा कार्यक्रम दुसरीकडे हलवला होता, पण ते अनेकांना माहीतच नव्हतं.

आता सुट्टीच्या दिवसांत बंदोबस्त कडक असतो. रस्ता ओलांडायच्या जागी सिग्नल लाल झाला की जवानांची रांग आडवी उभी राहते, हिरवा झाला की बाजूला सरकते. येण्याचे आणि जाण्याचे रस्ते वेगळे करतात, त्यामुळे आलेल्या वाटेने परत जाता येईल असं धरून चालू नका. संध्याकाळी ईस्ट नानजिंग रोड स्थानक बंदही ठेवतात. गाडी तिथे न थांबता पुढे जाते आणि नवखा माणूस गोंधळतो. अशा वेळी पीपल्स स्क्वेअरला उतरून अर्धा तास चालावं लागतं, आणि तेही त्याच लोंढ्यातून.

संध्याकाळी जायचंच असेल तर छन यी चौकाच्या वाटेलाच जाऊ नका. मेट्रोच्या १० किंवा १२ क्रमांकाच्या मार्गावर तियानथोंग रोडला उतरा, दक्षिणेकडे चालत सूचौ खाडी ओलांडा आणि वायबायदू पुलाजवळच्या उत्तर टोकाने कट्ट्यावर चढा. गर्दी तिथेही असते, पण अंगावर येत नाही. कट्ट्यावरून दक्षिणेकडे चालत राहा आणि शेवटी यूयुआन स्थानकाकडे वळा, म्हणजे आलेल्या वाटेने परतायचा प्रश्नच येत नाही. दिवे रात्री दहाच्या सुमारास मालवतात आणि सगळे एकदम उठतात, म्हणून नऊ-साडेनऊलाच काढता पाय घ्या. गर्दीत हातातून काही पडलं तर ते गेलं असं समजा, वाकू नका. रेटा वाढला तर दोन्ही हात छातीसमोर धरा आणि लोंढ्याला विरोध न करता तिरकं सरकत कडेला या.

आणि आई-बाबा? सकाळी साडेसहाला कट्ट्यावर ताय-ची करणारी मंडळी आणि पळणारे, एवढेच लोक असतात. रोषणाई नाही मिळणार, पण तिच्यासाठी दीड-दोन तास उभं राहणं त्यांना झेपेल का, हा विचार आधी करा.

प्रश्न : फोटोसाठी नदीच्या कोणत्या काठावर उभं राहावं? आणि किती वाजता? (पुणे)

ही गल्लत खूपजण करतात. बंडच्या कट्ट्यावर नदीकडे तोंड करून उभं राहिलं की समोर पलीकडच्या काठावरचे लुजियाझुईचे मनोरे दिसतात : ४६८ मीटरचा ओरिएंटल पर्ल, ४९२ मीटरचं वर्ल्ड फायनान्शियल सेंटर, ६३२ मीटरचा शांघाय टॉवर. बंडच्या जुन्या दगडी इमारती मात्र पाठीमागे, रस्त्यापलीकडे असतात. त्या सगळ्या एका रांगेत हव्या असतील तर पूर्व काठावर जायला हवं.

वेळ ऊन ठरवतं. जुन्या इमारतींचं तोंड पूर्वेला आहे, म्हणून सकाळचं कोवळं ऊन त्यांच्या दगडावर पडतं तेव्हा पलीकडच्या काठावरून फोटो घ्या. मनोऱ्यांवर ऊन येतं दुपार कलल्यावर, ते बंडवरून टिपायचे. सकाळी बंडवरून मनोऱ्यांचे फोटो काढले की सूर्य समोर येतो आणि सगळं काळपट, धुरकट दिसतं. मग लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

रोषणाईचं म्हणाल तर दिवे साधारण हिवाळ्यात सहाला आणि उन्हाळ्यात सातला लागतात. जूनअखेरीस सूर्य सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे निळसर आकाश आणि दिवे दोन्ही एका चौकटीत मिळतात. डिसेंबरात तो पाचच्या आधीच बुडतो, म्हणजे दिवे लागेपर्यंत आकाश काळं झालेलं असतं. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे हेही हिशेबात धरा.

काठ बदलायचे तीन मार्ग आहेत. मेट्रोच्या २ क्रमांकाच्या मार्गाने ईस्ट नानजिंग रोड ते लुजियाझुई एकच स्थानक, ३ युआन. ते स्थानक बंद असेल तर १४ क्रमांकाचा मार्ग, यूयुआन ते लुजियाझुई, तेही एकच स्थानक. तिसरा मार्ग आमच्या मते सगळ्यांत चांगला : २ युआनची रोजच्या प्रवाशांची फेरीबोट. पूर्व काठावर दोंगचांग रोडचा धक्का नकाशात शोधा. सायकली आणि स्कूटर घेऊन चढणाऱ्यांच्या मध्ये उभं राहून पाचेक मिनिटांत पलीकडे पोहोचता आणि दोन्ही काठ एकाच वेळी दिसतात. शिलियुपू धक्क्यावरून सुटणाऱ्या पर्यटक बोटींना याच्या कितीतरी पट पैसे पडतात. बसून पाऊण-एक तास फिरायचं असेल तरच त्या घ्या, आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

प्रश्न : यूपीआय चालेल का? गूगल मॅप? (ठाणे)

यूपीआयवर विसंबू नका. निघण्याआधी घरूनच फोनवर अलीपे हे पैसे भरायचं चिनी ॲप घ्या, पासपोर्टने ओळख पडताळा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. इथे दोन ठिकाणी माशी शिंकते. आपल्या बँकांची कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात, ती बँकेच्या ॲपमधून चालू करावी लागतात. दुसरं म्हणजे ओटीपी भारतीय नंबरवर येतो. ते सिम काढून ठेवलं की पैसे अडकले, म्हणून निदान एसएमएसपुरतं रोमिंग ठेवाच. २०० युआनपर्यंतच्या खरेदीला अलीपे जादा आकार लावत नाही, त्यावर ३ टक्के लावतं.

मेट्रोत एका क्यूआर कोडवर एकच माणूस आत जातो. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं तिकीट यंत्रातून काढावं लागतं, त्यासाठी सुटे पैसे ठेवा. तसेही दोन-तीनशे युआन रोख खिशात असू द्या. बंडवर गर्दीच्या ऐन वेळी नेटवर्क रखडतं आणि क्यूआर उघडतच नाही.

गूगल आणि व्हॉट्सॲप हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर किंवा बाहेरून घेतलेल्या प्रवासी ई-सिमवर सहसा चालतात, कारण तो डेटा चीनबाहेरून फिरून येतो. पण चालला तरी गूगल मॅप तिथे भरवशाचा नाही. चीनची नकाशा-प्रणाली वेगळी असल्याने तुमचं ठिकाण काही शे मीटर सरकलेलं दिसू शकतं, म्हणजे कट्ट्यावर असाल आणि टिंब नदीत. आमॅप हा चिनी नकाशा घ्या, तो इंग्रजीतही आहे.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. त्या भागात खायचं काय? (कोल्हापूर)

बंडवरच्या इमारतींमधली रेस्टॉरंट महागडी आहेत आणि तुमच्या कामाची नाहीत. साध्या खानावळीत ‘भाजी’ मागितली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, किंवा वरून खिमा भुरभुरलेला असतो. वाढणाऱ्याच्या लेखी ती भाजीच असते. बौद्ध परंपरेच्या शाकाहारी खानावळी शोधा. तिथे कांदा-लसूणही साधारणपणे टाळतात. नानजिंग वेस्ट रोडवरचं, १९२२ साली सुरू झालेलं गोंगदलिन हे त्यातलं नावाजलेलं ठिकाण, पीपल्स स्क्वेअरपासून चालत जाता येतं. ताटात बदकाच्या कापांसारखं काही आलं तर दचकू नका, ते सोयाचं किंवा गव्हाच्या चिकाचं असतं. कंदमुळं वर्ज्य असतील तर ते वेगळं सांगावं लागेल, कारण बटाटा, रताळं, कमळाचे कंद तिथे सर्रास वापरतात. ‘मांस, मासे, अंडी, चरबी, कांदा, लसूण, बटाटा नको’ असं चिनी अक्षरांत फोनवर लिहून ठेवा. बोलून सांगण्यापेक्षा दाखवणं बरं.

प्रश्न : हिरव्या टोकदार छपराची इमारत ससून कुटुंबाची, हे खरं का? आपलेच ससून? (मुंबई)

हो, तेच. नानजिंग रोड बंडला मिळतो त्या कोपऱ्यावर ती उभी आहे. व्हिक्टर ससून यांनी बांधलेलं हे ‘ससून हाउस’ १९२९ मध्ये पूर्ण झालं. आज तिथे पीस हॉटेल आहे. व्हिक्टर हे डेव्हिड ससून यांचे पणतू. डेव्हिड ससून म्हणजे ज्यांच्या देणगीतून पुण्याचं ससून रुग्णालय उभं राहिलं ते. या घराण्याचा पैसा कापसातून आला तसा चीनला जाणाऱ्या अफूतूनही आला, हे त्या इमारतीसमोर उभं राहताना लक्षात असावं. व्हिक्टर यांनी मुंबईतला कारभार आवरून शांघायमध्ये बस्तान बसवलं. दक्षिणेकडे थोडं चाललं की १९२७ चं घड्याळाच्या मनोऱ्याचं कस्टम हाउस आणि त्याला लागून १९२३ ची घुमटाची हाँगकाँग-शांघाय बँकेची जुनी इमारत लागते.

प्रश्न : अनोळखी लोक फोटो काढा म्हणून जवळ येतात, मग गप्पा सुरू करतात. घाबरायचं कारण आहे का? (नाशिक)

फोटो काढून द्या, गप्पाही मारा. ‘जवळच चहाचा पारंपरिक समारंभ आहे, चला’ असं म्हटलं की मात्र तिथूनच रामराम करा. नानजिंग रोड आणि बंडवरची ही जुनी फसवणूक आहे. चार-पाच छोट्या पेल्यांचं बिल शेकडो, कधी हजारो युआन येतं आणि सोबतचे ‘विद्यार्थी’ आपला वाटा निमूटपणे भरल्याचं नाटक करतात. अडकलात तर ११० ला फोन लावा. फोन नुसता हातात घेतला तरी बऱ्याचदा रक्कम खाली येते.