अंगभूत मोडेमची लाइन अडकते, ती का?

प्रश्न : माझ्याकडे 1980च्या दशकातील एक युनिक्स संगणक असून त्याचा मोडेम अंगभूत आहे. यूयूसीपीने (युनिक्स संगणकांमध्ये फोनवरून फाइली पोहोचवणाऱ्या प्रणालीने) फाइली पाठवताना पहिले दोन-तीन कॉल नीट लागतात, पण नंतर ‘लाइन वापरात आहे’ असाच संदेश येत राहतो आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावरच मोडेम ताळ्यावर येतो. दोष मोडेमचा की फोनच्या लाइनचा?

उत्तर : फोनच्या लाइनचा तर नक्कीच वाटत नाही. लाइनवर खरखर असती, तर यूयूसीपीच्या ‘जी’ प्रोटोकॉलने (देवाणघेवाणीच्या नियमावलीने) बिघडलेली पाकिटे, म्हणजे माहितीचे तुकडे, पुन्हा मागवली असती. काम रखडले असते किंवा कॉल तुटला असता, पण लाइन ‘वापरात’ दिसली नसती.

माझा पहिला संशय कुलूप-फाइलीवर आहे. कॉल करणारी प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्राम) ‘एलसीके’ या अक्षरांनी सुरू होणारी एक फाइल तयार करून त्यात आपला क्रमांक लिहिते; ही फाइल दिसली की लाइन वापरात आहे, असे इतर प्रक्रिया समजतात. ती प्रक्रिया मधेच मेली तर फाइल तशीच मागे राहते. ही फाइल उघडून पाहावी. काही आवृत्त्यांत क्रमांक बायनरी रूपात असल्याने मजकूर दाखवणाऱ्या ‘कॅट’ आज्ञेने काहीच वाचता येत नाही, तेव्हा बाइट आकड्यांत दाखवणारी ‘ओडी’ आज्ञा वापरावी. त्या क्रमांकाची प्रक्रिया ‘पीएस’ या आज्ञेने दिसणाऱ्या चालू प्रक्रियांच्या यादीत नसेल, तर फाइल खुशाल काढून टाकावी. संगणक पुन्हा सुरू केल्याने गुण येतो, एवढ्यावरून मोडेमला दोषी धरू नये, कारण सुरुवातीच्या स्क्रिप्टच पुष्कळदा जुनी कुलुपे झाडून टाकतात.

कुलूप नसतानाही लाइन अडकत असेल, तर मात्र मोडेमकडे बोट दाखवावे लागेल. बाहेरच्या मोडेमवर दिवे असतात, त्यामुळे कॅरिअर (पलीकडच्या मोडेमचा संकेत) तुटल्यावरही त्याने फोन उचलूनच धरला आहे का, हे एका नजरेत कळते, आणि त्याचा स्वतंत्र स्विच बंद-चालू करता येतो. अंगभूत मोडेमला यांपैकी सहसा काहीच नसते. 1985 साली आलेल्या एटी अँड टी युनिक्स पीसीतील मोडेम सेकंदाला 1200 बिट पाठवी, म्हणजे 100 किलोबाइटच्या फाइलीला सुमारे 14 मिनिटे लागत. एवढा वेळ चाललेला कॉल शेवटच्या मिनिटाला अडकला आणि तेवढ्यासाठी इतर वापरकर्त्यांना बाहेर काढून सारा संगणक बंद करावा लागला, तर ती रचनेचीच उणीव म्हटली पाहिजे. सीरियल पोर्ट रिकामा असल्यास बाहेरचा मोडेम जोडावा, हेच मी सुचवीन.