नाक्यावर आपला माणूस कोण?

प्रश्न : कराडजवळ आमचा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा कारखाना आहे. मसाला वेलची आजवर मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेत आलो. आता पूर्व नेपाळमधल्या बिर्तामोडच्या एका व्यापाऱ्याकडून थेट मागवायचा विचार आहे. माल काकडभिट्टा-पानीटंकी नाक्यावरून येईल. तो म्हणतो, ‘बॉर्डरवर माझा एजंट आहे, तुम्ही फक्त पैसे पाठवा.’ मग कस्टमचं काम करून देणारा परवानाधारक मध्यस्थ, म्हणजे कस्टम ब्रोकर, वेगळा नेमायची गरज आहे का?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, पैसे पाठवायच्या आधी पत्र पाठवलंत, हे फार बरं केलंत.

त्या व्यापाऱ्याचा एजंट नेपाळच्या भन्सार, म्हणजे तिथल्या कस्टम, कार्यालयातलं काम करेल आणि ते त्यानंच करावं. मेची नदीचा पूल ओलांडला की मात्र भारताचं कस्टम सुरू होतं, आणि तिथे भरायचं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं विवरणपत्र, तुमच्या नावानं, तुमच्या आयईसीवर (आयातदार-निर्यातदार क्रमांकावर) असतं. एजंट ‘माझ्याच आयईसीवर उतरवतो, तुम्हाला सिलिगुडीचं बिल देतो’ म्हणाला, तर त्यात गैर काही नाही. पण मग तुम्ही आयातदार नव्हे. मुंबईऐवजी सिलिगुडीच्या व्यापाऱ्याकडून माल घेतलात, एवढंच. भाव त्या हिशेबानं करा.

कायद्यानं ब्रोकर सक्तीचा नाही. आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर नोंदणी करून तुम्ही स्वतः कागद भरू शकता. माझी नोकरी आधी बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसच्या जिन्यांवर आणि मग सिलिगुडीत याच धंद्यात गेली, म्हणून सांगते, कागद कराडहून भरता येतो, पण अधिकाऱ्यानं ‘हे पोतं फोडा’ म्हटलं की पोत्याशेजारी कुणीतरी उभं लागतं. त्यासाठी ब्रोकर घ्या, पण तुमचा घ्या. विकणाऱ्याचा नको.

कुठला घ्यावा? कस्टम ब्रोकरांसाठीच्या 2018 च्या नियमांनुसार एका ठिकाणचा परवाना असलेला ब्रोकर कळवून देशातल्या कुठल्याही कस्टम ठाण्यावर काम करू शकतो. म्हणजे मुंबईचा ब्रोकर पानीटंकीचं काम घेईल. प्रत्यक्षात तो तिथल्या कुणाला तरी फोन करेल. तो ‘कुणीतरी’ कोण, हे आधीच विचारा. त्याच्याकडे ब्रोकरचं कस्टमनं दिलेलं ओळखपत्र आहे का, की नुसताच परवाना वापरू दिलाय? परवाना असा उसना देता येत नाही. आणखी एक खूण सांगते. चांगला ब्रोकर पहिल्याच भेटीत तुमचं अधिकारपत्र, आयईसी, जीएसटी क्रमांक, कारखान्याच्या पत्त्याचा पुरावा मागून वैताग आणतो. ही पडताळणी त्याच्यावर बंधनकारक आहे. ‘कागदांचं नंतर बघू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता मुख्य मुद्दा. ब्रोकरनं तुमच्या वतीनं जे भरलं, ते तुम्हीच भरलं असं कस्टम कायद्याचं कलम 147 मानतं. ‘मला ठाऊक नव्हतं, ब्रोकरनं लिहिलं’ या वाक्यावर भिस्त ठेवू नका. म्हणून बिल ऑफ एन्ट्री दाखल होण्याआधी त्याची चेकलिस्ट, म्हणजे कच्चा मसुदा, मागवा आणि ओळ न् ओळ वाचा. वजन, किंमत, वेलचीची प्रत बडादाना (मोठा दाणा) की छोटादाना (लहान दाणा), मूळ देश. वाचून झाल्यावरच होकार द्या, तोही लेखी. पण होकाराला उशीर नको, कारण बिल वेळेत दाखल झालं नाही तर पहिले तीन दिवस रोज 5 हजार आणि पुढे रोज 10 हजार रुपये आकार लागतो.

मूळ देशाची ओळ तर दोनदा वाचा. नेपाळच्या शेतमालावर व्यापार करारामुळे सीमाशुल्क लागत नाही, म्हणूनच तिथे संशयही जास्त. तिसऱ्या देशाची मिरी आणि सुपारी नेपाळी म्हणून आणण्याचे प्रकार झाल्यापासून अधिकारी नुसत्या मूळ देशाच्या दाखल्यावर थांबत नाहीत. 21 सप्टेंबर 2020 पासून, माल खरंच तिथला आहे याची माहिती आयातदारानं स्वतःकडे ठेवायची आणि पाच वर्षं जपायची असते. वेलची कुठल्या जिल्ह्यातली, इलाम की ताप्लेजुंग, कुणाकडून घेतली, हे व्यापाऱ्याकडून लिहून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर भाव कितीही गोड असो, सोडून द्या.

शुल्क नसलं तरी आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, आहे. सुक्या वेलचीवर 5 टक्के. तो तुमच्या खात्यातून, ऑनलाइन, तुम्हीच भरा. ब्रोकरला ‘तू भर, मग देते’ म्हणू नका. तुमच्या जीएसटी क्रमांकावर भरला की क्रेडिट, म्हणजे पुढच्या जीएसटीत वजावट, मिळतं.

मसाला बनवण्यासाठी तुमच्याकडे अन्न परवाना असेलच, पण आयातीला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना वेगळा लागतो. तो हातात येईपर्यंत गाडी भरू देऊ नका. नेपाळचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रही आधी हवं. अन्नाचा नमुना घेतला तर तो कुठल्या प्रयोगशाळेत जातो आणि तोवर माल कुठे, कुणाच्या भाड्यानं पडून राहतो, हे ब्रोकरला विचारा. उत्तर लगेच आलं तर माणूस नाक्यावरचा आहे असं समजा.

दर ठरवताना एजन्सी आकार, हमाली, एका गाडीतून दुसरीत माल चढवणं, गोदाम, सगळं सुटं सुटं लिहून घ्या. बिलात ‘इतर खर्च’ अशी ओळ दिसली की पावती मागा. बिनपावतीचा खर्च देणं हा रिवाज आहे, असं तुम्हाला सांगितलं जाईल. नका देऊ.

प्रश्न : उल्हासनगरला माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. बांगलादेशातून पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल नाक्यामार्गे शर्ट आणायला तिथला चांगला ब्रोकर कसा शोधू?

उत्तर : शोधू नका. 17 मे 2025 च्या अधिसूचनेनं बांगलादेशातले तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवरून आणणं बंद झालं. न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरं खुली ठेवली. आज आदेश काय आहे ते विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, पण तुम्हाला तर न्हावा शेवाच जवळ. पनवेल-उरण पट्ट्यात ब्रोकरांची कार्यालयं गल्लोगल्ली आहेत. अजूनही ‘पेट्रापोलहून काढून देतो’ असं कुणी फोनवर सांगत असेल, तर त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.