लँड पूलिंगला जमीन द्यावी का? आधी टक्के नका बघू

प्रश्न : आम्हा चार भावंडांची सामायिक १ एकर जमीन शहर वाढतंय त्याच बाजूला आहे. भूसंपादन नको, लँड पूलिंग (सगळ्यांची जमीन एकत्र करून, रस्ते काढून, उरलेल्याचे प्लॉट परत देणं) करू, ४० टक्के डेव्हलप्ड प्लॉट परत देऊ असं सरकारी लोक सांगतायत. ६० टक्के फुकट जाणार म्हणून मोठा भाऊ जाम भडकलाय. द्यावी का?

उत्तर : भडकणारच हो, पण हिशोब टक्क्यांत न करता भावात करा. ४० गुंठ्यांचे १६ होणार, म्हणजे नव्या प्लॉटचा गुंठ्याचा भाव आजच्या अडीचपट झाला की तुम्ही बरोबरीत, त्याच्या वर गेला की फायदा. जिथे आज धड बैलगाडीची वाट नाही तिथे रुंद रस्ता, पाणी, ड्रेनेज आलं तर अडीचपट काही जगावेगळं नाही. भूसंपादनात २०१३ च्या कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुप्पट, गावाकडे दुप्पट ते चौपट मिळतात, पण तो बाजारभाव काढतात रेडीरेकनर (सरकारी दरपत्रक) आणि खरेदीखतांवरून, आणि खरेदीखतात किती रक्कम दाखवतात ते मी काय सांगायचं! शिवाय चेक घेतला की पुढची भाववाढ तुमची नाही.

मग पूलिंगच बरं ना? थांबा जरा. चेक हातात पडला की प्रोजेक्ट रखडला काय नि बुडाला काय, तुम्हाला फरक पडत नाही, पूलिंगमध्ये मात्र उशिराचा सगळा भार तुमच्यावर. आंध्रातली अमरावती बघा (आपली विदर्भातली नव्हे). नव्या राजधानीसाठी २०१५ च्या सुमारास शेतकऱ्यांनी ३० हजार एकरांच्या वर जमीन दिली, कोरडवाहूला एकरी वर्षाला ३० हजार आणि बागायतीला ५० हजार, दरवर्षी वाढत जाणारे, १० वर्षं द्यायचं ठरलं. २०१९ ला सरकार बदललं, राजधानीचा बेतच फिरला, काम ठप्प, लोक रस्त्यावर आणि कोर्टात, शेत गेलेलं आणि प्लॉट फक्त नकाशात. गुजरातेत मात्र १९७६ च्या कायद्याखाली टीपी स्कीम (टाउन प्लॅनिंग स्कीम, पूलिंगसारखीच जमीन एकत्र करून प्लॉट परत देणारी) वर्षानुवर्षं चालल्यात, अहमदाबादच्या रिंग रोडला जागा तशीच मिळाली, म्हणजे पद्धत वाईट नाहीये.

म्हणून ४० टक्क्यांवर भांडण्यापेक्षा प्लॉट नेमका कुठे, किती रुंद रस्त्यावर, ताबा कधी, आणि तोवर वर्षाला पैसे किती हे लेखी मागा. बेटरमेंट चार्ज (सुधारणांमुळे जमिनीचा भाव वाढला म्हणून घेतात ती रक्कम) लागणार का तेही विचारा, तो नंतर निघतो आणि तेव्हा लोक डोक्याला हात लावतात. आणि हो, आधी वाटणी करून सातबारे वेगळे करा, नाहीतर चौघांच्या नावावर एकच १६ गुंठ्यांचा प्लॉट येईल आणि एकाने सही अडवली की विकताही येणार नाही, बांधताही येणार नाही. जमीन कुणी कसत असेल तर त्याचंही आधीच बोलून घ्या, पूलिंगच्या कागदात त्याला सहसा कुणी धरत नाही.

महाराष्ट्रात टीपी स्कीम असेल तर मसुदा जाहीर झाल्यापासून हरकतीला ३० दिवस असतात. तोंडी सांगून काही होत नाही, अर्ज द्या आणि पोच घ्या.