आधी वही काढ, मग मोबाईल

पोरी,

तुझा मेसेज परवाच वाचला, उत्तराला मुद्दाम वेळ लावला. "काका, मी उशिरा जन्मले, बघण्यासारखं सगळं संपलंय" हे वाचून आधी वाईट वाटलं आणि मग रागच आला. मोबाईलमध्ये हजारांनी फोटो, त्यातलं कुठलं रेल्वे फाटक मसूरचं आणि कुठलं शिरवड्याचं हे तुझं तुलाच सांगता येईना, आणि विचारतीयस काय तर नवीन कॅमेरा घेऊ का! नको घेऊस. चाळीस रुपयांची वही घे. जागेवर लिहायचं, गाडी जायच्या आत लिहायचं.

सेमाफोर, म्हणजे खांबावर हलणारा हात असलेले जुने सिग्नल, गेले, मान्य. मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही रुंदीचे रूळ होते, तेही गेलं. पण तू कधी न बघितलेली एक गोष्ट सांगतो. सेमाफोरच्या दिव्यापुढची हिरवी काच दिवसा जवळून बघितली तर चक्क निळसर दिसायची, कारण मागं रॉकेलची पिवळी ज्योत, आणि दोन्ही मिळून लांबून ड्रायव्हरला हिरवं दिसायचं. फोटोत हे कळत नाही. माझ्याकडं हे आहे कारण त्याच दिवशी तिथंच उभं राहून लिहिलं होतं.

माझा एक मित्र होता, बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचा वेडा. १९२७ ला पंढरपूरकडून मिरजेला आलेली ती अडीच फुटी लाइन, तिच्यावरच्या आरग, सलगरे, ढालगाव असल्या स्टेशनांचे त्यानं काढलेले फोटो माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. तो अचानक गेला. पोरांनी ट्रंक उघडून मला बोलावलं, सगळे फोटो पाठीमागून कोरे. एक सिग्नल इतका सुंदर, हात खाली पडलेला, खांबाला शिडी, आणि तो कुठला हे आता जगात कुणालाच सांगता येत नाही. त्याच्यासोबत बसून एकेकावर पेन्सिलनं लिहायचं ठरलं होतं, ते राहिलं ते राहिलंच. म्हणून म्हणतो, जागेवर लिही.

लोक मला तिरसट म्हणतात, तुझ्या कानावरही आलं असेल. एका पेपरनं माझा फोटो भलत्याच स्टेशनच्या नावानं छापला, दुरुस्ती मागितली तर "वाचकांना काय फरक पडतो" म्हणाले. तेव्हापासून नोंद सोबत छापणार नसाल तर फोटो मिळणार नाही, विषय संपला. त्यापायी प्रदर्शनं हुकली, माणसं दुरावली, आणि तरी मला वाटतं मी बरोबरच केलं. चुकीच्या नावाचा फोटो नसलेला बरा, पुढचा माणूस त्यावरच विश्वास ठेवून चालतो ना.

आता तुझ्या "उरलंय काय" बद्दल. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं २०१९ च्या जानेवारीअखेर संपली, माणूस असलेली फाटकंही पूल नाहीतर भुयारी रस्ते करून बंद करतायत. म्हणजे कराडजवळ तू रोज ज्या फाटकाशी थांबून वैतागतेस तेच उद्याचं जुनं आहे. फाटकाच्या अलीकडं पिवळी पाटी असते, सी/फा लिहिलेली, म्हणजे सीटी वाजव, फाटक आहे. गेट सिग्नलच्या, म्हणजे फाटकाशी जोडलेल्या सिग्नलच्या, खांबावर पिवळ्या गोलात काळं जी अक्षर असतं. तो सिग्नल लाल असला तरी ड्रायव्हर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून शिट्टी देत सावकाश फाटकापर्यंत येऊ शकतो, साध्या लाल सिग्नलला ही मुभा नाही. हे अक्षर आहे का नाही, लिहिलंस कधी?

आणि गेटमनकडं बघ जरा. स्टेशन मास्तर फोनवर गाडी सांगतो, त्या निरोपाची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर देतो, तो नंबर आणि टाइम लगेच रजिस्टरला चढतो. मग विंच, म्हणजे हातानं फिरवायचा रहाट, फिरवून दांडा खाली, कुलूप, आणि फाटक लॉक झाल्याशिवाय सिग्नल पडतच नाही, म्हणजे हिरवा होत नाही, सिग्नल परत लाल केल्याशिवाय फाटक उघडत नाही. तो माणूस "घरी जाऊन लिहितो" म्हणत नाही. तुला काय धाड भरलीय?

रुळात उतरायचं नाही, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि तुझी आई मला फोन करेल ते वेगळंच. रस्त्याच्या बाजूनं सगळं दिसतं.

या रविवारी एकच फाटक कर. एलसी नंबर (फाटकाचा नंबर), किलोमीटर, तारीख, वेळ, तू कुठल्या दिशेला तोंड करून उभी होतीस, दांडा विंचनं का मोटरनं, लोखंडावर कारखान्याचं नाव ओतलेलं आहे का, आणि गेटमन किती वर्षं तिथं आहे ते त्याला विचारून, त्याच्या सवडीनं, गाडी गेल्यावर. कोयना आली का महाराष्ट्र एक्सप्रेस तेही टाक. वहीच्या पानाचा फोटो मला आधी पाठव, फाटकाचा नंतर.

तुझा काका, मिरज