खानापुरात पार्लरचं काम शिकतेय. मॅनिक्युअरनंतर लावलेलं नेलपॉलिश दोन दिवसांत पापुद्र्यासारखं सुटतं. कुठे चुकतंय?

रंग लावताना नखावर पाणी किंवा मसाजचं तेल राहतंय, म्हणून सुटतंय. बाटली बदलून उपयोग नाही. भिजलेलं नख किंचित फुगतं, वाळलं की आकसतं, आणि वरचा रंग कडेने उचलतो. नखं घासायची फाइल हात भिजवण्याआधी, कोरड्या नखावर, एकाच दिशेने चालवा. 240 ग्रिट (फाइलच्या खरखरीतपणाचा आकडा) पुरे. हात 3-4 मिनिटंच भिजवा. क्यूटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, लाकडी काडीने मागे सारा, कापू नका. मसाजनंतर हात नीट पुसून 10 मिनिटं वाळू द्या आणि मग रिमूव्हर लावलेल्या पॅडने प्रत्येक नख पुसा. कडेच्या खाचा विसरू नका, तेल तिथेच लपतं. (हळद लागलेली नवरी आली तर दोनदा पुसा, त्या हळदीत बहुतेकदा तेल असतं.) बेस कोट, रंगाचे दोन पातळ हात, मध्ये 2-3 मिनिटं, मग टॉप कोट. दर थराला ब्रश नखाच्या टोकाच्या धारेवरूनही फिरवा. ती धार उघडी राहिली की भांडी घासताना तिथूनच टवके जातात. मात्र नख जाड, पिवळं किंवा खालून सुटलेलं दिसलं तर रंग लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा.